जुनी मोटारसायकल : नाव पाहावे की गाडी?

प्रस्तावना

दक्षिण बेंगळुरूमधील बनशंकरी हे त्या शहराच्या मोठ्या वसाहतींपैकी एक. कनकपुरा रस्त्यावरील ज्या देवीवरून या भागाला नाव मिळाले, तिचे तेथील मंदिर १९१५ साली उभारले गेले. देवीचे मूळ ठाणे मात्र उत्तर कर्नाटकात, बदामीजवळ आहे. ही बनशंकरी म्हणजेच शाकंभरी महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी होय. त्यामुळे पोटापाण्यासाठी बेंगळुरूला आलेल्या मराठी माणसाला हे नाव परके वाटत नाही.

जून २०१७ मध्ये बनशंकरीला मेट्रोचे स्थानक झाले. शहर बससेवेचे मोठे स्थानकही तेथे आहे. तरीही पहाटे कामावर निघणाऱ्या गवंड्याला, रंगाऱ्याला, नळ दुरुस्त करणाऱ्याला किंवा घरोघरी माल पोहोचवणाऱ्या तरुणाला स्वतःच्या दुचाकीवाचून चालत नाही. नवी गाडी घेण्याइतके पैसे नसतात, म्हणून तो जुन्या गाडीकडे वळतो. तेथे त्याच्यापुढे एकाच वेळी तीन-चार सारख्याच दिसणाऱ्या गाड्या उभ्या राहतात. नावे थोडी वेगळी, किमती थोड्या वेगळ्या, आणि प्रत्येक विकणारा म्हणतो, "हीच चांगली." यांतून एक निवडावी कशी, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• स्वतःची गरज ओळखून योग्य प्रकारची गाडी ठरवणे.
• सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांमधील खरा फरक समजून घेणे.
• जुन्या गाडीची व तिच्या कागदपत्रांची तपासणी करणे.
• गाडीची किंमत आणि गाडीचा खर्च यांतील भेद सांगणे.

१. आधी गरज, मग गाडी

समजा, बेळगाव जिल्ह्यातील निपाणीहून आलेला एक मराठी तरुण बनशंकरीत राहतो आणि रंगकाम करतो. काम शहरात निरनिराळ्या ठिकाणी निघते. रोजची ये-जा सरासरी तीस किलोमीटर होते. सोबत ब्रश, पट्ट्या आणि एखादा रंगाचा डबा असतो. दीड वर्षात त्याने पन्नास हजार रुपये साठवले आहेत. ओळखीतून त्याला तीन गाड्या पाहायला मिळाल्या : स्प्लेंडर प्लस, पॅशन प्रो आणि सुपर स्प्लेंडर. तिन्ही हिरो कंपनीच्या आणि तिन्ही २०१७ सालच्या.

त्याचे मन सुपर स्प्लेंडरवर बसले, कारण नावात 'सुपर' होते आणि गाडी चकचकीत होती. असे होणे स्वाभाविक आहे. परंतु गाडी पाहण्यापूर्वी त्याने स्वतःला चार प्रश्न विचारणे आवश्यक होते. रोज किती अंतर जायचे? एकट्याने की दोघांनी? ओझे किती? आणि गाडी बिघडली तर ती जवळ कोठे दुरुस्त होईल?

या प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मी निवड आपोआप होते. एकट्याने, हलक्या ओझ्यानिशी, रोज जाणाऱ्यास शंभर सीसीच्या आसपासचे इंजिन पुरते. रोज दोघे बसणार असतील, किंवा चढाचा रस्ता व उड्डाणपूल वारंवार लागणार असतील, तर सव्वाशे सीसीचे इंजिन कमी दमते. गरजेपेक्षा मोठे इंजिन घेतल्यास पेट्रोल अधिक जाते आणि लहान घेतल्यास इंजिनावर ताण पडतो.

२. नावे अनेक, इंजिन एक

मोटारसायकलच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. त्याच्या एका फेरीत जेवढी जागा व्यापली जाते ती घनसेंटिमीटरमध्ये मोजतात. व्यवहारात तिलाच 'सीसी' म्हणतात. गाडीची ताकद, पेट्रोलचा खप आणि विम्याचा हप्ता या तिन्हींचा या आकड्याशी संबंध असतो. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना नावाआधी हा आकडा पाहावा. तो नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आर. सी. वर छापलेला असतो.

हिरो होंडा कंपनीने १९८५ साली सीडी १०० ही गाडी आणली. १९९४ साली स्प्लेंडर आणि २००१ साली पॅशन बाजारात आली. टाकीचा आकार, दिवा, सीट, रंगाच्या पट्ट्या या गोष्टी बदलल्या, पण ९७.२ सीसीचे इंजिन या मालिकेत दीर्घकाळ तेच राहिले. आपल्या उदाहरणातील २०१७ ची स्प्लेंडर प्लस आणि त्याच काळातील पॅशन प्रो यांच्या इंजिनाची क्षमताही तेवढीच, ९७.२ सीसी. याचा अर्थ, 'यांतली कोणती जास्त पळते' किंवा 'कोणती जास्त ॲव्हरेज देते' हा वाद तेथे फारसा उपयोगाचा नसतो. फरक उरतो तो बसण्याच्या सोयीचा, चाकांचा, ब्रेकचा आणि दिसण्याचा.

कधी कधी तर कंपनीचे नावच बदलते आणि गाडी तीच राहते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा मोटारसायकली तयार होत असत. १९७३ पासून तेथील गाड्या येझदी या नावाने विकल्या जाऊ लागल्या. हा कारखाना १९९६ साली बंद पडला. हिरो आणि होंडा यांची भागीदारी संपल्यावर २०११ साली कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले, पण स्प्लेंडर चालूच राहिली. टाकीवरचे अक्षर बदलले म्हणून आतले यंत्र बदलतेच असे नाही.

३. नाव एक, गाड्या अनेक

याच्या उलट प्रकारही तितकाच आढळतो. स्प्लेंडर आणि सुपर स्प्लेंडर ही नावे सख्ख्या भावंडांसारखी वाटतात, परंतु २००५ साली आलेल्या सुपर स्प्लेंडरचे इंजिन १२४.७ सीसीचे आहे. पॅशन प्रोचे पुढचे रूप २०१८ साली मोठ्या इंजिनासह आले. त्यामुळे 'पॅशन प्रो' एवढे ऐकून भागत नाही. ती कोणत्या वर्षाची, हेही विचारावे लागते.

पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने २००१ साली पल्सर १५० आणि पल्सर १८० या दोन गाड्या एकाच वेळी आणल्या. दुरून पाहणाऱ्याला त्या जुळ्या वाटत. घेणाऱ्याच्या खिशाला मात्र त्या जुळ्या नाहीत. दुचाकीच्या सक्तीच्या तृतीयपक्ष विम्याचे दर सीसीच्या गटांनुसार ठरतात. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसी गटाचा वार्षिक हप्ता ७१४ रुपये आणि १५० ते ३५० सीसी गटाचा १,३६६ रुपये ठरला. त्यावर कर वेगळा. नावापुढचा एक आकडा बदलताच हप्ता जवळजवळ दुप्पट होतो.

नावाच्या मोहाचे ठळक उदाहरण म्हणजे यामाहा आरएक्स १००. ९८ सीसीच्या, दोन स्ट्रोकच्या या गाडीचे उत्पादन भारतात १९८५ साली सुरू होऊन १९९६ साली थांबले. त्यानंतर आरएक्सजी आणि आरएक्स १३५ या तिच्याच वळणाच्या, पण मोठ्या इंजिनाच्या गाड्या आल्या. हौशी लोक आजही जुन्या आरएक्ससाठी मोठी किंमत मोजतात. साहजिकच एका गाडीची टाकी आणि नावाची पट्टी दुसरीवर चढवण्याचा मोह काहींना होतो. अशा वेळी पट्टीवर विश्वास न ठेवता इंजिनावर कोरलेला क्रमांक आर. सी. शी जुळवून पाहणे हाच खरा उपाय होय.

एकाच गाडीचेही पोटप्रकार असतात. एकीला नुसती किक, दुसरीला बटणाने सुरू होण्याची सोय. एकीला तारांची चाके, दुसरीला मिश्रधातूची. एकीला पुढे ड्रम ब्रेक, दुसरीला डिस्क ब्रेक. मिश्रधातूच्या चाकाला बहुधा ट्यूबलेस टायर असतो आणि पंक्चर झाल्यावर त्याची हवा एकदम जात नाही. रात्री-अपरात्री एकट्याने परतणाऱ्यासाठी ही सोय चकचकीत रंगापेक्षा मोलाची ठरते.

४. वर्ष कोणते, हे का पाहावे?

'पासिंग कोणत्या सालचे?' हा प्रश्न आपल्याकडे सहज विचारला जातो. गाडी किती जुनी आहे एवढेच त्यातून कळते असे पुष्कळांना वाटते. वास्तविक त्या वर्षात आणखी बरीच माहिती दडलेली असते.

गाडीच्या धुरातून किती विषारी वायू बाहेर पडावेत याची मर्यादा शासन ठरवते. दुचाकींसाठी भारत स्टेज ३ हे मानक एप्रिल २०१० पासून, स्टेज ४ एप्रिल २०१७ पासून आणि स्टेज ६ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. स्टेज ६ आल्यावर बहुतेक मोटारसायकलींतील कार्ब्युरेटर गेला आणि त्याजागी इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. तिच्यामुळे थंडीत गाडी लवकर सुरू होते आणि इंधन मोजून वापरले जाते. परंतु तिचा दोष शोधण्यास संगणकी उपकरण लागते. कार्ब्युरेटर मात्र गल्लीतील मेकॅनिकही खोलून साफ करू शकतो. दोन्हींत गुण आहेत. आपल्या घराजवळ कोणती दुरुस्ती होते, हे पाहून ठरवावे.

दुसरी बाब ब्रेकची. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना जोडब्रेक आणि त्यावरील दुचाकींना चाक घसरू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. जोडब्रेकमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही काही प्रमाणात लागतो. बेंगळुरूच्या पावसाळी रस्त्यावर अचानक थांबावे लागते तेव्हा या सोयीचे महत्त्व कळते. म्हणून इतर सर्व गोष्टी समान असतील, तर २०१८ च्या गाडीपेक्षा २०१९ च्या एप्रिलनंतरची गाडी श्रेयस्कर.

तिसरी बाब पेट्रोलची. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रारंभ फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरू येथेच झाला. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत या मिश्रणाला टिकतील असे सुटे भाग बसवलेले असतात. त्यापूर्वीच्या गाडीत पेट्रोलची रबरी नळी, वॉशर आणि टाकीतील गंज यांकडे अधिक लक्ष द्यावे.

चौथी बाब आयुष्याची. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत वैध असते. २०१७ च्या गाडीची मुदत २०३२ साली संपेल. पुढे तपासणी करून, शुल्क भरून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली, तरी हा खर्च एका वर्षावर येऊन ठेपलेला असतो.

५. गाडीची परीक्षा

एवढे समजल्यावर प्रत्यक्ष गाडीकडे वळावे. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. दोन सारख्या मॉडेलांमध्ये जेवढा फरक असतो, त्याहून कितीतरी अधिक फरक एकाच मॉडेलच्या दोन जुन्या गाड्यांमध्ये पडलेला असतो. कारखान्यातून त्या एकसारख्या निघाल्या, पण एकीचे तेल वेळेवर बदलले गेले आणि दुसरीचे नाही. एक घराच्या पडवीत राहिली, दुसरी आठ पावसाळे रस्त्यावर भिजली.

गाडी दिवसाउजेडी आणि शक्यतो सकाळी पाहावी. इंजिन थंड असताना ती कशी सुरू होते हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. आपल्या उदाहरणातील तरुण एका परिचित वयस्क मेकॅनिकला सोबत घेऊन गेला. स्प्लेंडरजवळ जाताच मेकॅनिकने इंजिनाजवळ हात नेऊन पाहिला.

"आत्ता फिरवून आणली का, साहेब?" त्यांनी विकणाऱ्याला विचारले.

"नाही हो, सकाळपासून उभीच आहे."

"मग इंजिन कोमट कसे?"

मेकॅनिक तरुणाकडे वळून म्हणाले, "बाळा, गरम गाडी सगळ्यांचीच एका किकेत सुरू होते. तासाभराने परत येऊ."

तासाभराने तीच गाडी सुरू व्हायला सात-आठ किका लागल्या.

गाडी सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे पाहावे. चार स्ट्रोकच्या इंजिनातून निळसर धूर येत राहिला, तर आत तेल जळत आहे असे समजावे. पिस्टनच्या कड्या किंवा व्हॉल्व्हचे सील झिजल्याचे ते लक्षण होय आणि त्याची दुरुस्ती खर्चाची असते. काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. हा दोष बहुधा थोडक्यात सुधारतो. थंडीच्या सकाळी काही क्षण दिसणारी पांढरी वाफ मात्र चिंतेची नाही. दोन स्ट्रोकच्या गाडीत पेट्रोलबरोबर तेल जळतच असते, म्हणून तेथे थोडा निळसर धूर स्वाभाविक असतो.

नंतर पुढील भाग क्रमाने तपासावेत.

चेन आणि स्प्रॉकेट : स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला वाकून आकड्यासारखे टोकदार झाले असतील, तर पूर्ण संच बदलावा लागेल.

टायर : टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. '३५१९' म्हणजे २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी बारीक तडे गेलेला जुना टायर धोक्याचा असतो.

पुढचे शॉकअप : नळ्यांवर तेल ओघळलेले असल्यास सील गेले आहे. पुढचे चाक उचलून हँडल दोन्हीकडे वळवावे. मध्येच अडकल्यासारखे वाटले, तर कोनसेट झिजला आहे.

सांगाडा : हँडलच्या मुळाशी आणि इंजिनाखाली नवे वेल्डिंग किंवा वेगळ्या छटेचा रंग दिसल्यास गाडीला मोठा अपघात झाला असण्याची शक्यता असते. असा संशय आल्यास ती गाडी सोडून द्यावी.

किलोमीटरचा आकडा : हा आकडा बदलता येतो, पण झीज लपवता येत नाही. वीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या पायटेकणीचे रबर गुळगुळीत झाले असेल, गिअरचा दांडा झिजला असेल, तर आकडा खोटा समजावा.

शेवटी गाडी चालवून पाहावी. वाहन परवाना जवळ असावा, गाडीचा विमा चालू असावा आणि डोक्यावर हेल्मेट असावे. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लचप्लेट झिजल्या आहेत. सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी सतत एका बाजूला ओढत असेल, तर चाके किंवा सांगाडा एका रेषेत नाही.

सुटे भाग मिळतात की नाही, हेही याच वेळी विचारून घ्यावे. बेंगळुरूत जे. सी. रोड हा वाहनांच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे. तेथे पुष्कळ काही मिळते. तरीही ज्याची गाडी हेच पोटाचे साधन आहे, त्याने उत्पादन बंद पडलेल्या मॉडेलच्या वाटेस शक्यतो जाऊ नये. एका लहानशा भागासाठी चार दिवस काम बुडाले, तर स्वस्त गाडी महाग पडते.

६. कागदांची परीक्षा

गाडीतील दोष पैशांनी सुधारतो. कागदांतील दोष मात्र कधी कधी पैशांनीही सुधारत नाही. म्हणून कागद पाहिल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नये.

पहिली गोष्ट, आर. सी. वरील इंजिन क्रमांक व चॅसिस क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. खाडाखोड केल्यासारखी किंवा घासलेली जागा दिसल्यास ती गाडी चोरीची असू शकते.

दुसरी गोष्ट, विकणारा आणि आर. सी. वरील मालक एकच असावा. तो नसेल, तर मूळ मालक सही करण्यास समक्ष आला पाहिजे. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना एप्रिल २०२३ पासून परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेणे बंधनकारक झाले आहे. व्यापाऱ्याकडून गाडी घेताना ते पत्र मागण्यात संकोच बाळगू नये.

तिसरी गोष्ट, कर्ज. गाडी कर्जावर घेतलेली असल्यास आर. सी. वर बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे नाव असते. कर्ज फिटल्याचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ मिळेपर्यंत थांबावे. "पुढच्या आठवड्यात देतो" या शब्दावर व्यवहार पूर्ण करू नये.

चौथी गोष्ट, विमा, प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र आणि थकलेला दंड. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून यांतील बरीच माहिती पाहता येते.

यानंतर येते हस्तांतर. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार एकाच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. विम्यावर आपले नाव चढवण्यासाठी घेणाऱ्याने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा.

परराज्यातील गाडीचे प्रकरण थोडे लांबते. समजा, बनशंकरीतील एखाद्याने कोल्हापूरची, म्हणजे एमएच-०९ क्रमांकाची गाडी घेतली. बारा महिन्यांहून अधिक काळ ती कर्नाटकात ठेवायची असेल, तर कोल्हापूरहून ना-हरकत प्रमाणपत्र आणून तिची येथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि कर्नाटकाचा वाहनकर भरावा लागतो. गाडी पाच हजारांनी स्वस्त दिसली, तरी हा कर व हेलपाटे धरून पाहावे.

नाव बदलण्याचा कंटाळा करणे विकणाऱ्यालाही महागात पडते. एक मोटार अनेक हातांत फिरली, परंतु सरकारी नोंदीत पहिल्या मालकाचेच नाव राहिले आणि नंतर तिचा अपघात झाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निर्णय दिला की, नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी विकून टाकली, पैसे मिळाले, एवढ्याने संबंध सुटत नाही.

७. हिशेब आणि निवड

आता त्या तरुणाच्या तीन गाड्यांकडे पुन्हा पाहू. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत.

स्प्लेंडर प्लसची किंमत ३८,००० रुपये, म्हणजे सर्वांत कमी. पण चेन-स्प्रॉकेट १,५०० रुपये, दोन टायर ३,५०० रुपये, बॅटरी १,२०० रुपये आणि संपलेला विमा ८५० रुपये धरता ती ४५,०५० रुपयांना पडते. शिवाय ती थंड असताना सहज सुरू होत नाही आणि आर. सी. वर वित्तसंस्थेचे नाव अजून आहे.

सुपर स्प्लेंडरची किंमत ४६,००० रुपये. गाडी उत्तम चालते. परंतु विकणारा मूळ मालक नव्हे आणि मूळ मालक 'गावी गेला आहे'. इंजिन मोठे असल्याने पेट्रोलही अधिक लागेल. रोज ३० किलोमीटरप्रमाणे महिन्याचे २६ दिवस म्हणजे ७८० किलोमीटर. लिटरला ६० किलोमीटर देणाऱ्या गाडीस १३ लिटर लागतील, ५० देणारीस १५.६ लिटर. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले, तरी महिन्याला २६० आणि वर्षाला ३,१२० रुपयांचा फरक पडतो.

पॅशन प्रोची किंमत ४३,००० रुपये. टाकीवर एक मोठा ओरखडा, सीट फाटलेली. ब्रेकशू आणि तेल यांसाठी ७५० रुपये, म्हणजे एकूण ४३,७५०. थंड असताना दुसऱ्या किकेत सुरू झाली. एकच मालक, विमा चालू, कर्ज नाही, आणि मालक स्वतः सही करण्यास तयार.

तरुणाला ही गाडी प्रथमदर्शनी मुळीच आवडली नव्हती. परंतु कागदावर तिन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडल्यावर त्याने पॅशन प्रो घेतली. उरलेल्या पैशांतून त्याने चांगले हेल्मेट घेतले, सीट शिवून घेतली आणि हस्तांतराचे शुल्क भरले. उद्या दुसऱ्या कोणाला, दुसऱ्या तीन गाड्यांपुढे उभे राहिल्यावर, कदाचित स्प्लेंडरच योग्य ठरेल. निवडीची रीत मात्र तीच राहील.

समारोप

खंडेनवमीला आपण हत्यारांची, यंत्रांची आणि वाहनांची पूजा करतो. आयुधपूजेच्या दिवशी बेंगळुरूतही रस्तोरस्ती गाड्यांना फुलांच्या माळा घातल्या जातात आणि चाकाखाली लिंबू ठेवले जाते. ज्या साधनावर आपले पोट चालते त्याविषयीची ही कृतज्ञता होय. तिच्या जोडीला थोडी सावधगिरी हवी. जुनी गाडी म्हणजे एखाद्या कष्टकऱ्याची दीड-दोन वर्षांची बचत असते. ती बचत टाकीवरील नावाला देऊ नये. गरज, यंत्र आणि कागद या तिन्ही कसोट्यांना उतरणाऱ्या गाडीलाच ती द्यावी.

शब्दार्थ

श्रेयस्कर – अधिक हिताचे
हस्तांतर – एकाकडून दुसऱ्याकडे मालकी जाणे
तृतीयपक्ष विमा – आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा
मानक – ठरवून दिलेले प्रमाण
ना-हरकत प्रमाणपत्र – हरकत नसल्याचा लेखी दाखला
चॅसिस – गाडीचा मुख्य सांगाडा
पडवी – घराला लागून असलेली छपराखालची जागा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गाडीचा सीसी कोणत्या कागदावर पाहायला मिळतो?
(आ) टायरवरील '१२२१' या आकड्यांचा अर्थ काय?
(इ) इंजिन थंड असताना गाडी सुरू करून का पाहावी?

२. कारणे लिहा.
(अ) पल्सर १५० आणि पल्सर १८० दिसायला सारख्या असूनही त्यांच्या विम्याचा खर्च वेगळा असतो.
(आ) गाडी विकणाऱ्यानेही हस्तांतराची नोंद वेळेत करावी.

३. 'एकाच मॉडेलच्या दोन जुन्या गाड्यांमध्ये अधिक फरक असतो' हे विधान पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

४. तुमची रोजची ये-जा किती किलोमीटर आहे? पाठातील रीतीने तुमच्या महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब मांडा.

५. तुमच्या परिसरातील एखाद्या मेकॅनिकला भेटा. जुनी गाडी तपासताना ते सर्वप्रथम काय पाहतात, हे विचारून दहा ओळींत लिहा.